खरूज नसल्याचा दाखला

आमच्या गावच्या कबड्डी संघात मी सातवा. सहा जणांना खेळता यायचं म्हणून घेतलेलं, मला सातवा पाहिजे म्हणून. चढाईला गेलो की समोरचे मला पोत्यासारखं उचलून बाजूला ठेवायचे.

त्या हिवाळ्यात उदगीरच्या स्पर्धेत सकाळीच माझी मान खाजायला लागली. मग खांदे, मग छाती. लालभडक पुरळ. उपांत्य सामन्यात मी असा खाजवत होतो की आवाज म्हणे स्टेशनपर्यंत जात होता. मी चढाईला गेलो, तसा समोरून एक ओरडला, "हात लावू नका रे, खरूज हाय त्याला!" सगळे मागच्या रेषेला चिकटले. मी निवांत एकेकाला बोट लावून परत. दोघं तर मला चुकवता चुकवता मैदानाबाहेर गेले, तेही बाद! आम्ही जिंकलो. मला खांद्यावर कुणी घेतलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पण अंतिम सामन्यातला नांदेडकडचा संघ अडून बसला. पंच म्हणाले, "तासाभरात डॉक्टरचा दाखला आणा, न्हाईतर हा बाहेर." माझ्या जन्मातला पहिला अंतिम सामना! आमच्या कॅप्टननं मला मोटारसायकलवर घातलं, स्वतः टाकीवर सरकून बसला, आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हातारे, तिरसट. "बोटांच्या बेचक्या दाखव."

बेचक्या साफ.

"खाज रात्री वाढती का? घरात आणखी कुणाला हाय?"

"न्हाई. आज सकाळीच सुरू झाली."

"मग खरूज कशाची?"

"गजकर्ण असंल, डॉक्टरसाब," कॅप्टन म्हणाला.

"गजकर्णाचं गोल कडं असतंय, मधी साफ. इथं कुठंय कडं?"

"मग पित्त उठलं असंल."

"पित्ताच्या गांधी जागा बदलतात. हे सकाळपासून एकाच जागी बसलंय." त्यांनी पुरळावरून बोट फिरवलं. मानेवरून खांदे, खांद्यांवरून छातीवर सरळ दोन पट्टे. "गळ्यात काय टाकतोस रे?"

मी टॉवेल दिला. त्यांनी हुंगला आणि त्याचा कोपरा चक्क जिभेला लावला. दोन सामन्यांचा घाम पुसलेला टॉवेल! एवढा शूर माणूस मी फौजेतही पाहिला नाही. फौज पाहिली नाही, हेही खरं.

"आंबट हाय. शेतात हरभरा हाय का?"

मी मायला फोन लावला.

"आंब धरायला दोन रात्री हरभऱ्यावर पसरला होता की टॉवेल," माय म्हणाली. "पोटदुखीला बाटलीभर निघाली. पिळून वाळू घातला, धुवायचा राह्यला बघ."

हरभऱ्यावरचं ते आंबट पाणी टॉवेलात वाळलं होतं, आणि माझ्या घामानं पुन्हा जागं झालं होतं. डॉक्टरांनी साबणानं अंग धुवायला लावलं, मलम दिला आणि दाखला लिहिला.

मी असा फुगलो होतो की मैदानावर पोचताच तो दाखला स्पीकरवरून वाचायला लावला. एकदा नव्हे, दोनदा. "सदर खेळाडूचं पुरळ संसर्गजन्य नाही. त्याला स्पर्श केल्यास कोणताही धोका नाही."

पहिल्याच चढाईत सातही जण माझ्यावर पडले. पुढच्या चढाईत परत तेच. पुढं मोजलं नाही. शेवटच्या चढाईला मी त्या ढिगाऱ्याखाली होतो, खाजवायलासुद्धा हात मोकळा नव्हता, आणि रेषेपलीकडून आमचा कॅप्टन कळवळून ओरडत होता, "लेका, खरूज काय वाईट होती का रे आपली?"