माळीणकाकूंची मागची वाट

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. माझं वय तेव्हा एक्केचाळीस. साकोलीला माझं नवीन घर उभं राहिलं आणि त्याच्याभोवतीची बाग आखायला माळीणकाकू आल्या. मी समोरच्या लोखंडी फाटकात उभा होतो. काकू आत आल्या, समोरच्या मोकळ्या जागेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. घराला वळसा घालून सरळ मागे गेल्या आणि न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे उकिडव्या बसल्या.

मी मागे मागे गेलो. म्हटलं, "काकू, फुलं सामोर लावाची हायेत."

"फुलं कुठं पळून चालले? आधी सांगा, हे पाणी जाते कुठं?"

मला माहीत नव्हतं. घर माझं, पैसा माझा, पण पाणी कुठे जातं ते मी पाहिलं नव्हतं.

"ज्याले आपल्या घरचं पाणी माहीत नाही, त्यानं बाग कराची नाही," काकू म्हणाल्या. मग स्वतःच मातीत बोट ओढून दाखवलं. इथे धोपा लावायचा, म्हणजे वड्यांचं अळू. त्याच्या पुढे केळ. पुढे कोरड्यात सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, पातळ आमटी नव्हे. बाहेरच्या लोकांसाठी सांगून ठेवतो.

काकू माळी नव्हत्या. विणकराच्या घरच्या. नवरा हातमागावर लुगडी विणायचा. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं घर, समोरची खोली मागानं भरलेली, मागे दुसऱ्याची भिंत. अंगण म्हणून काही नव्हतंच. "मले आंगन नाही म्हणून लोकायच्या आंगनात नाक खुपसतो," असं स्वतःच म्हणायच्या. त्या काळात हायवेच्या बाजूने नवीन घरं उठत होती. मास्तर, बाबू, दुकानदार, सगळे बांधत होते. घर गवंड्यानं बांधायचं आणि घराबाहेरचं काकूंनी, असं ठरूनच गेलं होतं.

त्यांची आखणी सुतानं चालायची. मागावर उरलेलं रंगीत सूत त्या कांड्यांवर गुंडाळून आणायच्या. लाल सूत वाटेचं, पिवळं वाफ्याचं, निळं सावलीचं. बांबूच्या काड्या रोवून त्याला सूत बांधायचं आणि निघून जायचं. आठ-पंधरा दिवस कोणी कुदळ लावायची नाही. घरच्यांनी त्या सुतांमधून वावरायचं. ज्या ठिकाणी सूत पायात येऊन तुटलं, तिथे काकू आखणी बदलायच्या. एका मास्तरानं सूत तुटू नये म्हणून पोरांना अंगणात यायची बंदी केली. काकू त्याला म्हणाल्या, "मास्तर, बाग पोरायसाठी हाय का सुतासाठी?"

दाताला गुडाखू, म्हणजे तंबाखू-गुळाची ओली मिसरी, लावल्याशिवाय त्यांचा विचार चालत नसे. तळहातावर ती काळी गुडाखू घ्यायची, बोटानं दातांवर घासत बसायची, आणि तेवढा वेळ मालक काहीही बोलो, उत्तर नाही. थुंकून आल्या की निकाल. तो निकाल मग बदलायचा नाही.

घरमालकाला त्या फार विचारत नसत. घरच्या बाईला विचारायच्या. "वाळवण कुठं घालता? तांदूळ निवडाले कुठं बसता? भांडाले कुठं उभे राहता?" बायका हसायच्या, पण सांगायच्या. एका बाबूला तहसीलमध्ये साहेबाकडे पाहिलेलं तसं गवत पाहिजे होतं, नुसतं गवत, हिरवंगार. काकू म्हणाल्या, "म्हणजे गवत लावाचं आन गाय आली का हाकलाची. असं शानपन मी आजपर्यंत पाहिलं नाही." त्यानं तरी लावलं. गायी आल्याच.

त्यांचं सगळंच बरोबर निघायचं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरच्या घरी त्यांनी मुंगना, म्हणजे शेवगा, भिंतीच्या फार जवळ लावला. वैशाखातल्या वादळात तो कवेलूवर, म्हणजे कौलांवर, पडला आणि स्वयंपाकघर उघडं झालं. डॉक्टर तणतणत गल्लीत आले. काकू मागाजवळ बसून कांड्या भरत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "झाडाले काय तुमच्या घराचं माप माहीत असते? वारा थांबवाचा होता." चूक कबूल करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. हा गुण मला पटला. म्हणूनच मी त्यांना बोलावलं.

आता माझं सांगतो. मी तिसरी पास. चिखल्याच्या खाणीतला माल ओढणारे दोन ट्रक मी स्वतःच्या हिमतीवर उभे केले. आसगावला भावांची धानाची शेती, पण मला गावात राहायचं नव्हतं. साकोलीला प्लॉट घेतला. पाया खोदताना बाजूचा कंपाउंडर बोंबलत आला, की वीतभर जागा त्याची. मोजणी झाली. माप माझं खरं निघालं. मी पुरुषभर उंच भिंत घातली, वरून बाटल्यांच्या काचा रोवल्या. ती भिंत बरोबर होती, आजही म्हणतो.

माझी बायको कौसल्या. आसगावला आमच्या घराच्या मागे सांदवाडी होती, म्हणजे परसातली भाजीपाल्याची जागा. प्रत्येकाची सांदवाडी बाजूच्या सांदवाडीला लागून. मधे काट्यांचं कुंपण, कुंपणाला फट. बायका त्या फटीतून इकडच्या तिकडे जायच्या. विस्तव मागायला, ताक द्यायला, रडायला, हसायला. रस्त्यानं जायचं तर डोक्यावर पदर, सासऱ्यांची नजर. मागून जायला काही लागत नाही. हे मी पाहिलेलं होतं, पण त्याच्याकडे लक्ष देण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

पिवळं-निळं सूत बांधून झाल्यावर काकूंनी कौसल्येला विचारलं, "दुपारी कोनापाशी बसतेस वो बाई?"

"कोनापाशीच नाही."

"आन हे?"

"हे चार-चार दिवस गाडीवर असतात."

भिंतीपलीकडे कंपाउंडरची बायको मिरच्या कांडत होती. मुसळाचा आवाज येत होता. काकूंनी गुडाखू काढली. बराच वेळ घासत बसल्या. थुंकून आल्या, लाल सुताची कांडी घेतली, मागच्या दाराच्या पायरीला सूत बांधलं आणि सरळ भिंतीपर्यंत नेलं. भिंतीत खिळा ठोकला आणि तिथे गाठ मारली.

"हे काय?" मी विचारलं.

"वाट."

"वाट कुठं जाते?"

"पलीकडे."

"काकू, इथं भिंत हाय."

"भिंत तुमची हाय. वाट बायकायची हाय. इथं एक दार काढा, बाकी बाग मंग."

मी म्हटलं, त्या घराकडे दार काढायचं असेल तर माझ्या मढ्यावरून काढा. काकू हसल्या. रागानं नाही, खरंच हसल्या. मग सगळं सूत परत कांड्यांवर गुंडाळायला लागल्या. लाल, पिवळं, निळं. रोवलेल्या काड्या तशाच.

"काहून? बाकीची बाग कोण करन?"

"अर्धी बाग मी करत नाही. भाऊ, तुम्हाले कोंडवाडा पाहिजे. थो ग्रामपंचायत बांधते. त्यायले सांगा."

कौसल्या मागच्या पायरीवर उभी होती. काकू गेल्या.

माझं कोणावाचून अडत नाही. खाणीच्या बंगल्यावर काम केलेला एक माणूस मी आणला, नागपूरहून गुलाब आणले. लाल, पांढरे, एक तर नारिंगी. हायवेवरून जाणारे ट्रकवाले फाटकाशी थांबून पाहायचे. कौसल्या रोज पाणी घालायची. जसं कोणी सांगितलेलं काम करतो, तसं. एकही फूल तिनं केसात माळलेलं मी पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती रोवण्यासाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, आसगावला गेली. धानाचा रोवणा आटोपला, तरी आली नाही. दिवाळी झाली. मी आणायला गेलो. ती बांधावर बायकांबरोबर बसून भाकर खात होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "न्यावाचं असन तं न्या. पन पुन्हा मी इथंच येईन. तिथं भिंतीशी बोलू का?"

"मी दुसऱ्यांदा न्याले येनार नाही," मी म्हटलं.

"नका येऊ."

मी नाही गेलो. ट्रकवर असलो की ढाब्यावर जेवायचो, घरी असलो की चिवडा-चहा. भाऊ निरोप पाठवायचे, मी उत्तर द्यायचो नाही. लोक विचारायचे, वहिनी कुठे? मी म्हणायचो, गावी शेतीचं पाहते. दुसरा उन्हाळा लागला तेव्हा निरोपही येईनासे झाले. आता ती येणार नाही, हे मला कळलं होतं.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी काकू आल्या. वाळल्या होत्या. या वेळी मागे गेल्या नाहीत, गुलाबांपाशीच थांबल्या.

"बेस फुलले भाऊ."

"मंग. तुमी तं म्हटलं होतं कोंडवाडा."

"फुलं बेस हायेत." त्यांनी घराकडे पाहिलं. दारात वाळलेली पानं, पायरीवर धूळ. "पाहाले कोन हाय?"

मी आतून त्यांना पाणी आणून दिलं. त्या फाटकाच्या सावलीत बसल्या आणि स्वतःचं सांगितलं. माग बंद झाला होता. कोणी हातमागाचं लुगडं घेत नव्हतं. माग लाकडाच्या भावात गेला, आणि आता पोरापाशी भिवंडीला जायचं होतं. पोरगा तिथे यंत्रमागावर होता.

"तिथं बागा आखा," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"दुसऱ्या माळ्यावर खोली हाय. बाग कुठं आखू, डोक्यावर?" हसल्या. मग म्हणाल्या, "बाजूच्या खोल्यायचे दारं मातर एकाच ओसरीत हायेत म्हणते पोरगा. तेवढं झालं."

भिंतीबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो. लोटा उपडा ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि गेल्या. पुढे भिवंडीलाच वारल्या, असं त्यांच्या गल्लीतल्या एकानं सांगितलं. साकोलीत त्यांनी आखलेल्या काही सांदवाड्या अजून आहेत. माणसं बदलली, वाटा तिथेच आहेत.

काकू भेटून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रकमधली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, काढली. ड्रायव्हरला म्हटलं, आज चिखल्याले तूच जा. काकूंनी दाखवलेल्या जागेवर नाही, तिथून दोन हात डावीकडे, जिथे मला बरोबर वाटलं तिथे भिंत फोडायला घेतली. विटा पलीकडे पडल्या तसा कंपाउंडर बनियनवरच धावत आला.

"ओ ट्रकवाले! डोकं फिरलं का सकाळी सकाळी?"

"दार बसवून राहिलो."

"कोनाले इचारून?"

"माझी भिंत, माझ्या जागेत. मोजनी इसरले का?"

त्याच्या मागे त्याची बायको उभी होती, हात पिठानं भरलेले. नवऱ्याला बाजूला सारून तिनं विचारलं, "थ्या बाई येऊन राहिल्या का?"

त्या बाईशी मी तोपर्यंत एक शब्द बोललो नव्हतो.

"आनाले चाललो," मी म्हटलं. "सुतार दुपारी येईन. कडी तुमच्या अंगानं लावून घ्या. माझ्या अंगानं लावाची नाही म्हनून सांगा त्याले."

कंपाउंडर माझ्याकडे पाहत राहिला. त्याची बायको खाली बसली आणि पडलेल्या विटा एकेक करून बाजूला रचायला लागली. मी हातपाय धुतले, घराला कुलूप घातलं आणि आसगावला जायला पवनीच्या गाडीत जाऊन बसलो.