तिसरा म्हटलं की तिसरा

चारकोपच्या धाकू परबांनी फोर्टातल्या एका ऑफिसात तीस वर्षं लिफ्ट चालवली. तिसरा मजला म्हटलं की तिसरा, उगाच मध्ये थांबणं नाही. त्यामुळे नवा टीव्ही घ्यायला गेलेल्या दुकानात स्मार्ट टीव्हीवर बातम्या लावायला सांगितल्यावर आधी जाहिरात, मग सिनेमांची रांग आणि वर 'तुमच्यासाठी खास' आलं, तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं.

"अरे मेल्या, तिसऱ्यावर जाणाऱ्याला मी कधी सातवा मजला दाखवत बसलो नाय!"

सेल्समनने आणखी चार टीव्ही लावून दाखवले. सगळ्यांची तीच तऱ्हा. तेवढ्यात गल्ल्यावरच्या शेठने रिमोट दाबला आणि कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीवर झटकन मॅच लागली.

"तो द्या," धाकू म्हणाले.

शेठ दचकला. "तो विकायचा नाही, काका. मग मी मॅच कशावर बघू?"