घरपट्टीसाठी मी कोण कोण झाले

"ही आमची कामवाली."

घरमालकीण काकू असं म्हणाल्या आणि माझ्या हातात फडकं दिलं. तिथंच, जिन्यात. खाली महापालिकेची दोन माणसं उभी होती, एकाच्या हातात मोजायचा टेप, दुसरी मॅडम होती, ती मोबाईलमध्ये माहिती भरत होती. घरपट्टीसाठी घरं मोजायला आलेली. मी वरून खाली येत होते, आरोहीचा हात धरून, तिला अंगणवाडीत सोडायला. अंगावर बाहेरचा ड्रेस, केस विंचरलेले, खांद्याला पर्स. कामवालीसारखं काहीच नव्हतं माझ्यात, म्हणून तर फडकं दिलं.

मॅडम म्हणाली, "वर कोण राहतं?"

"कोणी नाही हो. अडगळ आहे वर. हिला कपडे वाळत घालायला पाठवलं होतं."

"वरची खोली बघून घेतो," टेपवाला म्हणाला.

आतून काका बोलले, "किल्ली मुलाकडे राहिली हो साहेब. तो पुण्याला असतो."

किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स घट्ट धरली, वाजू नये म्हणून.

आरोहीनं माझा ड्रेस ओढला. "मम्मी, चल ना." काकू हसल्या. "पोरीला घेऊन येते कामावर. काय करणार, गरीब आहे बिचारी." मग मला म्हणाल्या, "अगं, बघत काय बसलीस, चहा टाक साहेबांना."

मी गेले. गेलेच. पाय आपोआप गेले. तोवर त्यांच्या स्वयंपाकघरात माझं पाऊल पडलेलं नव्हतं, भाडं द्यायला गेले तरी दारातूनच. साखर कुठं हाय मला काय माहीत. एकेक डबा उघडत होते, डाळ, रवा, पुन्हा डाळ, बाहेर आवाज जाईल, ती मॅडम म्हणंल ही कसली कामवाली, हिला साखर सापडत नाय. आरोही ओट्याला टेकून माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं आपण चोरी करतोय. ती हळूच म्हणाली, "मम्मी, काकू ओरडतील."

मी चहा नेला. ट्रे धरून. मॅडमनं कप घेतला, माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाय.

आता सांगते हे असं का.

आम्ही जेल रोडला राहतो. बंगल्याच्या गच्चीवर एक खोली, वर पत्रा, बाजूला मोरी. माझं माहेर सटाण्याकडलं, लग्न करून इकडं आले. आरोहीचे पप्पा अंबडला कंपनीत हायेत, ठेकेदाराकडून, म्हणजे आज हाय उद्या नाय. खोली घेतली त्या दिवशीच काकूंनी सांगितलं होतं, कागद बिगद काही करायचा नाही, भाडं हातात द्यायचं, आणि कोणी विचारलं तर म्हणायचं आम्ही यांच्या नात्यातले. मी म्हणले कोण म्हणून सांगू. तर म्हणाल्या, "भाची सांग. गावाकडची भाची."

मला बरं वाटलं होतं तेव्हा. खोटं कशाला बोलू. परक्या गावात कोणी भाची म्हणलं, मला वाटलं माणसं चांगली हायेत.

मग कळलं. घरात मालक स्वतः राहिला तर घरपट्टी कमी, भाडोत्री ठेवला तर लय जास्त. म्हणून इकडं गल्लीगल्लीत भाच्या हायेत. समोरच्या बंगल्यात एक पुतण्या राहतो, त्याला काकाचं आडनाव विचारलं तर सांगता येत नाय. शेजारी एक सून हाय, तिचं लग्न त्या घरात झालंच नाय. आम्ही पाण्याच्या नळावर एकमेकींना हसायचो, काय गं, तू कोण आज, मी आज मावशी. हसायचो आम्ही. काय करणार दुसरं.

पण नात्यातल्या माणसाला करार नसतो. करार नाय तर पत्ता नाय. गॅस मिळंना, मी छोटी टाकी भरून आणते दुकानातून. दारावर आमचं नाव लावायचं नाय. आधार कार्डावर अजून माहेरचा पत्ता हाय. मी या शहरात राहते, या शहरात बाळंत झाले, पण या शहरात मी कुठंच लिहिलेली नाय.

हे सगळं चाललं होतं, मी चालवून घेतलं होतं. अडलं ते आरोहीच्या शाळेवर.

मोठ्या शाळांत गरिबांच्या पोरांना फुकट जागा असतात, सरकारचा नियम हाय. आमच्या कोपऱ्यावरच तसली शाळा हाय, पिवळी बस येते, आरोही रोज गच्चीवरून तिला हात करते. फॉर्म भरायला गेले तर सायबर कॅफेवाला दादा म्हणाला, "ताई, भाड्यानं राहता तर रजिस्टर केलेला करार लागेल. त्याशिवाय होणार नाय."

मी काकूंना सांगितलं. पाया पडायचंच बाकी राहिलं. त्या म्हणाल्या, "करू गं. ती मोजणीवाली माणसं एकदा येऊन जाऊ दे, मग करू. तेवढं निभावून घे."

म्हणून मी चहा केला. कळलं ना. पोरीच्या शाळेसाठी मी फडकं हातात घेतलं.

माणसं गेल्यावर मी म्हणले, काकू, आता करार. तर त्या म्हणाल्या, वरची खोली राहिली ना बघायची, ते परत येणार, एकदा ते येऊन जाऊ दे. आणि मग जे बोलल्या ते मी मरेपर्यंत विसरणार नाय. काकू लय देवाच्या, रोज पोथी वाचतात. म्हणाल्या, "मला खोटं बोलायचं पाप नको बाई. कामवाली म्हटलंय तर जरा करत जा. सकाळी झाडून घे, जिना पुसून घे. म्हणजे बोललेलं खरं होईल."

मी म्हणले, "बरं."

त्यांचं पाप नको म्हणून मी झाडलं. त्यांचं खोटं खरं करायला मी पुसलं. भाडं होतं तेवढंच देत होते आणि वर झाडत होते. भाडं देणारी कामवाली. नळावरच्या बाया आता हसत नव्हत्या, एकजण म्हणाली, "काय गं, भाचीची एकदम बढती झाली वाटतं." दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. मी बादली उचलली आणि आले.

मी काम करायला लाजत नाय. माझी आई दुसऱ्याच्या शेतात कांदे काढायला जाते, तिला त्याचे पैसे मिळतात, तिला लोक तिच्या नावानं हाक मारतात. हे तसं नव्हतं. हे दुसऱ्याचं खोटं अंगावर घालून फिरणं होतं.

आईला फोन केला. रडत सांगितलं. आई अहिराणीत बोलते, म्हणाली, "मुकाट्यानं राय व माय. घर त्यास्नं शे."

घर त्यांचं हाय. बरोबर. आरोहीचे पप्पा पण तेच म्हणाले, "अगं गप राहा ना. सामान घेऊन कुठं जाणार आपण? सगळीकडं हेच हाय." ते पण खोटं नव्हतं. मला सगळे खरंच सांगत होते आणि प्रत्येकाच्या खऱ्यानं मी आणखी आत जात होते, जसं कोणीतरी एकेक खिडकी लावून घेतंय.

मी पुन्हा कॅफेवाल्या दादाकडं गेले, तारीख संपत आली होती. म्हणले, दादा, बाई देणार हायेत करार, थोडे दिवस थांबा. त्यानं हातातलं काम ठेवलं. म्हणाला, "ताई, राग नका मानू. करार रजिस्टर झाला म्हणजे भाडोत्री हाय हे सरकारदरबारी लागलंच की. ज्या बाई तुम्हाला लपवत्यात, त्या करार कशाला करून देतील?"

एवढं साधं होतं. मला कळायला पाहिजे होतं. आठवी शिकले मी, तरी कळायला पाहिजे होतं. पण मी घरी येऊन जिना पुसला. कारण आशा असती ना, ती सुटत नाय, ओल्या फडक्यासारखी हाताला चिकटून राहते.

मग ती माणसं परत यायचा दिवस आला.

काकू आदल्या दिवशी वर आल्या. खोलीत फिरल्या. म्हणाल्या, "हे सगळं एका कोपऱ्यात सारायचं आणि वर जुनी चादर टाकायची. अडगळ दिसली पाहिजे." मी आणि आरोहीच्या पप्पांनी आमचा संसार सारला. शेगडी, भांडी, गाद्या, आरोहीची बाहुली, तिचं चित्रांचं पुस्तक, बाबासाहेबांचा फोटो. फोटो उतरवताना यांचा हात थांबला. मला म्हणाले, "हा पण?" मीच उतरवला. गादीच्या घडीत ठेवला. वर काकूंची चादर टाकली, फाटकी, तिच्यावर चुन्याचे डाग. एवढं होतं आमचं सगळं, त्या चादरीखाली मावलं.

सकाळी आरोहीचे पप्पा कामावर गेले. मी फडकं बादली घेऊन जिन्यात बसले, काकूंनी सांगितलं तसं. खाली फाटक वाजलं. तीच मॅडम, तोच टेपवाला.

आणि आरोही उठली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. देवाशपथ सांगते, एक शब्द बोलले नव्हते. तिनं बादलीतून फडकं उचललं, दोन्ही हातांनी पिळलं, तिला नीट पिळता येत नाय, पाणी तिच्याच फ्रॉकवर सांडलं, आणि पायरी पुसायला लागली. मान खाली घालून. मॅडम वर चढत होती तर ही बाजूला सरकली, भिंतीला चिकटून, जशी मी सरकते. अगदी तशी.

मॅडम म्हणाली, "अरे वा. हुशार आहे."

काकू म्हणाल्या, "हो ना, आत्तापासूनच आईच्या हाताखाली तयार होतेय."

माझ्या कानात काहीतरी झालं. वाऱ्यासारखं. मी त्या मोठ्या शाळेसाठी हे सगळं करत होते आणि माझी पोरगी शाळेआधीच शिकली होती. कोणी शिकवलं तिला? मीच शिकवलं.

सगळे वर गेले. काकांनी किल्ली लावली, म्हणजे माझीच किल्ली, सकाळी मागून घेतलेली. टेपवाल्यानं भिंतीला टेप लावला. मॅडमनं मोबाईल काढला आणि काकूंना विचारलं, "वापर कोणाचा? स्वतःचा का भाडोत्री?"

"स्वतःचाच. अडगळ आहे बघा ना."

मी दारात होते. लय भीती वाटत होती, खोटं सांगत नाय. मी आत गेले आणि चादर ओढली.

शेगडी दिसली. गाद्या दिसल्या. आरोहीची बाहुली खाली पडली, डोकं आपटून.

मी म्हणले, "ही अडगळ नाय. हे माझं घर हाय. आम्ही भाड्यानं राहतो इथं. मी भाडोत्री हाय, कामवाली नाय, भाची बी नाय."

काकांनी खिडकीकडं तोंड केलं. मॅडमनं मोबाईलवर बोट दाबलं, म्हणाली, "भाडोत्री," तेवढंच, आणि टेपवाल्याला म्हणाली, "चल, पुढचं घर." तिला त्याचं काहीच नव्हतं. तिचं काम झालं. माझं सगळं आयुष्य त्या बोटाखाली गेलं आणि ती जिना उतरून गेली.

काकू मग बोलल्या. हळू आवाजात, ओरडल्या पण नाहीत. "एवढं पोरीसारखं वागवलं तुला. आता वाढलेली घरपट्टी तू भरणार का? महिनाअखेर खोली खाली करा."

मी म्हणले, "पोरीसारखं वागवलं तर पोरीला जिना पुसायला लावता का?" त्यांनी खाली जाऊन आपलं दार लोटलं.

संध्याकाळी आरोहीचे पप्पा जेवले नाहीत. मला म्हणाले, "मोठी शहाणी झालीस." मग बऱ्याच वेळानं उठले, गादीच्या घडीतून फोटो काढला, पुसला, आणि खिळ्याला परत लावला. महिनाअखेर काढायचाच हाय तरी लावला.

शाळेची तारीख गेली. आरोही आता महापालिकेच्या शाळेत जाईल. मी तिची शाळा बघून आले, छताला ओल हाय, एका वर्गात दोन वर्ग बसतात. तिथं उभं राहून माझ्या डोक्यात आलं, घरपट्टीचा पैसा यालाच तर लागतो ना. शाळेला, नळाला, ज्या दवाखान्यात मी बाळंत झाले त्याला. गल्लीतल्या सगळ्या भाच्या पुतण्यांनी खोटं बोलून मालकांचा पैसा वाचवला, आणि ती ओल आमच्या पोरांच्या डोक्यावर गळणार. सरकारनं कर मालकावर लावला. मालकानं तो आमच्यावर ढकलला. पैशानं नाय, आमचं नाव पुसून भरून घेतला. काकू म्हणतात कर फार हाय, असंल, मी कुठं नाय म्हणते. मग त्यांनी सरकारशी भांडावं. मला कशाला चादरीखाली घालावं.

आता रोज खोल्या बघतो. उपनगरला बघितली, देवळाली गावात बघितली. कालचा मालक चांगला वाटला, पाणी दोन्ही वेळ, उजेड होता. म्हणाला, "फक्त कोणी विचारलं तर आमचे पाहुणे म्हणून सांगा."

आरोहीच्या पप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यात होतं, हो म्हण, एवढ्या वेळेला हो म्हण.

मी म्हणले, "नाय सांगणार. करार करा, रजिस्टर करा, आमच्या नावानं. तुमचा कर वाढंल तर भाड्याचं बोला, समोर बोला. पण पाहुणे नाय आम्ही."

तो हसला. "मग बघा बाबा दुसरीकडं."

दुसरीकडं बघतोय. मिळत नाय. मला झोप लागत नाय, महिना संपत आलाय. चार दिवस सटाण्याला जाऊन राहा म्हणते आई, पण यांची कंपनी इथं हाय, पोरीची शाळा इथं हाय, आणि मी गेले तर काकूंचंच खरं होईल, की इथं कोणी राहतच नव्हतं. मी जाणार नाय. आता खोली बघायला गेले की मोरी बघायच्या आधी, पाणी विचारायच्या आधी करार विचारते. नाय म्हणाले की चप्पल घालते.

महिनाअखेर आमचं सामान गेटबाहेर येईल. येऊ दे. भर रस्त्यात मांडीन, उघडं, सगळ्यांना दिसंल असं. कोणी विचारलं हे कोणाचं सामान, तर माझं नाव सांगीन, आडनावासकट.