मामाचा सल्ला आणि भाचीचे पाय

आमच्या घराण्यात शिक्षणाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा समजला जातो. याला कारण एवढंच, की अमरावतीच्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी सव्वीस वर्षांपासून कारकून आहे. गुणपत्रिकांवर शिक्के मारणं, हरवलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत काढून देणं आणि खिडकीतून "साहेब जेवायला गेले आहेत" असं सांगणं, हे माझं काम. पण ज्याच्या हातून एवढ्या गुणपत्रिका गेल्या त्याला पोरांच्या भवितव्यातलं काहीतरी कळतच असणार, असं आमच्या नातेवाइकांना वाटतं. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मान कोणाला नको असतो?

माझ्या सल्ल्यांचा इतिहास मात्र फारसा सांगण्यासारखा नाही. चुलतभावाच्या मुलाला मी सिव्हिल इंजिनिअरिंग घ्यायला लावलं. तो आता वरूडला संत्र्याच्या पेट्या भरण्याचा धंदा करतो आणि मजेत आहे. भेटला की म्हणतो, "काका, तुमच्या सल्ल्यापायी चार वर्षं उशीर झाला फक्त." साडूच्या मुलीला मी बँकेच्या परीक्षांच्या नादी लागू नको म्हणालो होतो. ज्या शाखेत माझं खातं आहे तिथं आज ती मॅनेजर आहे. तुमची सही जुळत नाही, असं ती मला दर वेळी अगदी गोड हसून सांगते.

तरीही मागच्या वर्षी एका शुक्रवारी अकोल्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला, तो मलाच.

"तू उद्याच्या उद्या ये. पोट्टी ऐकून नाही राहिली."

पोट्टी म्हणजे माझी भाची. ताईची एकुलती एक. तिची बारावी झाली होती आणि दोन विद्यापीठांनी तिला प्रवेश देऊ केला होता. अमरावतीत कॉम्प्युटर सायन्स आणि पुण्यात भूगर्भशास्त्र. दोन्हीकडे शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत काय ते कळवायचं होतं. ताईला अमरावती हवी होती, कारण तिथं मी आहे. पोरीला पुणं हवं होतं, कारण तिथं दगड आहेत.

दगडांचं वेड तिला लहानपणापासूनच. शेजारच्या शेतात विहीर खणली तेव्हा ही आठ वर्षांची पोर मलब्यातून पांढऱ्या चमकणाऱ्या गारगोट्या फ्रॉकच्या ओच्यात भरून घेऊन आली. पुढे एकदा मी तिला पातूरची लेणी दाखवायला नेलं. मी आपला मोठ्या तोंडानं खांब दाखवत होतो, तर ती म्हणाली, "मामा, खांब नका पाहू, भिंत पाहा." मग अर्धा तास तिनं मला त्या काळ्या खडकातल्या रेघा आणि बुडबुड्यांच्या खुणा दाखवल्या. हा सारा दगड एकेकाळी पातळ होता म्हणे. माझा विश्वास बसला नाही, पण मी मान हलवत राहिलो. जठारपेठेत शिवणसामानाचं दुकान चालवणारे भाऊजी या सगळ्याला एका शब्दात 'गोटे' म्हणत.

आता खरं सांगायचं तर या प्रकरणात मी निःपक्षपाती नव्हतो. आमचा मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती. भाची येणार या नुसत्या शक्यतेवर बायकोनं त्या खोलीला रंग लावून घेतला होता आणि मी एक टेबल आणून ठेवलं होतं. ज्या सल्लागारानं आधीच टेबल विकत घेतलं आहे, त्याचा सल्ला काय असणार?

शनिवारी सकाळच्या बसनं निघालो. मूर्तिजापूर येईस्तोवर वहीच्या एका पानावर दोन रकाने आखून दोन्ही शहरांचे फायदे-तोटे लिहून काढले. अकोल्याला पोचलो तर भाऊजी दारातच.

"या साळेसाहेब. शिक्का आणला का संग?"

"शिक्का नाही, वही आणली."

"मंग झालंच पोट्टीचं कल्याण," असं म्हणून ते दुकानात निघून गेले. भाऊजींची ही पद्धतच. भांडण घरात, आपण दुकानात.

भाचीनं वही हातात घेतली आणि दोन्ही रकाने नीट वाचले.

"मामा, अमरावतीच्या फायद्यांत 'मामीच्या हातचं भरीत' दोनदा लिहिलं तुमी."

"चुकून झालं."

"आन पुण्याच्या तोट्यांत 'ट्रॅफिक' तीनदा."

"ते आहेच तेवढं."

ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. मला वाटलं, पोरगी नुसती हट्टाला पेटली आहे.

जेवणं झाल्यावर ताईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या वहीनं काही होत नाही. तू तिच्या पाया पड आन माग."

इथं बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं. तिनं मामाला वाकून नमस्कार करायचा नाही, मामानंच तिच्या पायाला हात लावायचा. तिला काम सांगायचं नाही, उष्टं ताट उचलू द्यायचं नाही. बहिणीचं लेकरू म्हणजे मानाचं माणूस. भाची पाळण्यात होती तेव्हापासून मी तिच्या पाया पडत आलो आहे. तीन वर्षांची असताना तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती लाथ मारायची. दोन चष्मे फुटले त्यात. ते फुटणंही आम्ही आशीर्वादातच धरलं.

"मामानं पाया पडून मांगितलं तर भाची नाही म्हनत नाही," ताई म्हणाली. "अमरावतीले ये, एवढंच म्हन."

मला हे जरा खटकलं. पण रंगवलेली खोली डोळ्यांपुढे आली आणि खटकायचं थांबलं.

तीनच्या सुमारास भाची पलंगावर पाय सोडून मोबाइल पाहत बसली होती. मी समोर जाऊन वाकलो आणि तिच्या पायांकडे हात नेत म्हणालो, "बाई, मामाचं एक ऐक. अमरावतीले ये."

तिनं दोन्ही पाय वर उचलून मांडी घातली.

अठरा वर्षांत पहिल्यांदाच माझा हात फरशीला टेकला. मी तसाच वाकलेला, कंबरेचा त्रास असल्यामुळे पटकन सरळही होता येईना.

"आज नको मामा," ती म्हणाली.

"काहून वं?"

"रोज तुमी नुसते पाया पडता. आज काही मांगून राहिले."

ताई दारातून म्हणाली, "असं मामाले बोलतेत का?" पण तिचाही आवाज पडला होता. मी पलंगाची कड धरून उभा राहिलो. वय झाल्यासारखं वाटलं, आणि लाजही वाटली. अठरा वर्षं जी गोष्ट मी देण्यासाठी केली, ती आज मी वसुलीला काढली होती, आणि हे त्या लेकराला माझ्याआधी कळलं होतं.

मी जिन्यानं गच्चीवर गेलो. थोड्या वेळानं ती माझ्या चपला घेऊन आली, कारण मी अनवाणीच चढलो होतो आणि गच्ची तापलेली होती. भाचीनं माझ्या चपला उचलून आणलेल्या मला चालत नाहीत. पण पाय भाजत होते, म्हणून चालवून घेतलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही दोघं बसलो.

"मले तुमच्या घरी आवडते मामा," ती म्हणाली. "पण दोन दिवस. दिवाळीत मी एक कप धुवाले घेतला तर मामीनं हातातून हिसकला. चार वर्षं मले कोणी कप धुऊ देनार नाही. बसचा पास काढाले बी तुमीच जासान. रोज कोणीतरी पाया पडन. मी शिकीन कवा?"

"रोज नाही पडणार."

"पडसान."

"पडीन," मी कबूल केलं.

खाली ताई भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती. मी विचारलं, "मंग पुण्याचं पक्कं ना?" आता ती ठणकावून हो म्हणेल आणि विषय मिटेल, असं मला वाटलं होतं. पण पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी.

"मले भ्या वाटते मामा."

"आँ?"

"लय वाटते. पण मी सर्वाईसंग भांडून राहिली ना. भ्या वाटते म्हटलं की मम्मी म्हनन, पाह्य, मी काय म्हनत होती? म्हनून मले भ्या वाटते हे सांगाले घरात कोणी उरलंच नाही."

आठ दिवस या घरात सगळे तिला थांबवायला बसले होते आणि त्या नादात तिला नुसतं ऐकायला कोणीच नव्हतं. मीही दोन रकाने आखून आलो होतो. त्यात 'पोरीला काय वाटतं' असा रकानाच नव्हता.

"कशाचं भ्या वाटते ते सांग," मी म्हणालो. "खाली जाऊन कोणाले सांगत नाही."

तिनं बोटांवर मोजत सांगितलं. तिथली पोरं भराभर इंग्रजी बोलतील. आपलं मले-तुले ऐकून हसतील. ताप आला तर डोक्यावर ओली घडी कोण ठेवेल? पप्पा दुकानात गेले की मम्मी दिवसभर एकटी. आणि सगळ्यात मोठं भय तिनं शेवटी सांगितलं: एवढं भांडून गेली आणि दगडच आवडेनासे झाले तर?

मी म्हणालो, "हसतीन. पह्यले दोन महिने हसतीन. मंग परीक्षा आली की तुझ्या वह्या मागाले येतीन. हे मी खिडकीतून रोज पाहतो."

"आन दगड नाही आवडले तर?"

"तर परत ये. कॉम्प्युटर काही पळून जात नाही. फॉर्म मी भरून देईन, शिक्काही मीच मारीन."

"मामीले वाईट वाटन."

"वाटन. मलेही वाटन. ते आमचं आमी पाहू. त्याच्यापायी तू कॉम्प्युटर शिकू नको."

तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि मोबाइल काढला. साडेचार वाजून गेले होते. तिनं पुण्याचं पान उघडलं, एकेक रकाना भरला, आणि शेवटी अडलं. ओटीपी भाऊजींच्या नंबरवर जाणार होता, आणि भाऊजी दुकानात. ज्या माणसानं आठ दिवस 'गोटे' या शब्दापलीकडे चर्चा नेली नव्हती, त्याच्याच हातात आता सगळं होतं.

तिनं फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"पप्पा, मी आन मामा गच्चीवर आहो. एक ओटीपी आला असन. सांगा ना."

पलीकडे एक बाई पांढऱ्या अस्तराचं कापड मागत होती. भाऊजी तिला "थांबा बाई, दोन मिनिटं" म्हणाले.

"कोणाचा आहे? पुण्याचा?"

"हो पप्पा."

मग तिकडून दुकानातला पंखा तेवढा ऐकू येत होता. भाची माझ्याकडे पाहत होती, मी टाकीकडे पाहत होतो.

"लिही," भाऊजी म्हणाले. आणि त्यांनी एकेक आकडा सावकाश, मधे थांबत सांगितला, जसं लहानपणी तिला पाढे म्हणून दाखवत असतील तसं. सहा आकडे झाले.

"झालं का? पुन्हा सांगू?"

"नाही पप्पा. झालं."

"बरं. ऊन उतरल्यावर खाली या. अन् मामाले म्हन, चहा घेतल्याशिवाय बस पकडू नको." फोन ठेवता ठेवता ते अस्तरवाल्या बाईंना सांगताना ऐकू आले, "माही पोरगी. पुण्याले चालली शिकाले."

खाली आलो तर ताई ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. जिन्यातून सगळं तिला ऐकू गेलं होतं.

"तुले बोलावलं कशाले होतं आन तू करून काय बसला?"

अशा वेळी गप्प बसणं हे मला नोकरीनं शिकवलेलं आहे. तिनं चहात साखर टाकली, मग परत टाकली. दुसऱ्यांदा टाकल्याचं तिच्या लक्षात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. भाची मागून येऊन तिच्या खांद्याला बिलगली. ताईनं तिला झटकलं नाही, वळलीही नाही.

बऱ्याच वेळानं तिनं कपात चहा ओतला आणि मला विचारलं, "काय रे, पुण्याले थंडी लय असते का?"

मी आयुष्यात एकदाच पुण्याला गेलो होतो, कामाच्या प्रशिक्षणासाठी, एका दिवसापुरता, आणि तोही मे महिन्यात. पण ताईनं विचारलं होतं, आणि या घरात शेवटचा शब्द माझा असतो.

"असते ना," मी म्हणालो. "दोन स्वेटर लागतीन."

"दोन कायले? तीन देते," ताई म्हणाली, आणि लोखंडी कपाट उघडायला गेली.