अक्काच्या मोबाइलवर माझ्या कविता

माझी थोरली बहीण, अक्का, डोंगरकड्याला असते. लहानपणी घरची मेंढरं तिनं राखली, म्हणून मला शाळेत जाता आलं. पुढं मी कळमनुरीत शिक्षिका झाले, कविता लिहू लागले, तेव्हा पहिल्या कविता त्या मेंढरांच्याच झाल्या. ओळीच्या मधोमध मी मोठी मोकळी जागा सोडायचे. हाक मारून झाल्यावर अक्का कान देऊन उभी राहायची, तेवढी ती जागा.

कवितांचं पुस्तक ई-बुक करायचं ठरवलं, तेही तिच्यामुळंच. तिला वाचायला येतं, पण डोळ्यांच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसत नाही. मोबाइलवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं.

बसस्थानकाजवळ लग्नपत्रिका छापणाऱ्या भाऊंनी काम घेतलं. पहिल्यांदा सगळ्या मोकळ्या जागा गायब झाल्या.

"मॅडम, कितीबी स्पेस द्या, हे ई-बुक एकच धरून राहिलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी न मिटणाऱ्या स्पेस शोधून घातल्या. कॉम्प्युटरवर ओळी झकास दिसल्या. मी माझ्या मोबाइलवर अक्षर अक्काला लागतं तेवढं मोठं केलं, आणि ओळी भलतीकडंच तुटल्या.

"मंग पानापानाचा फोटो टाकू. जागा बराबर राहतील."

"फोटोतलं अक्षर मोठं होईल?"

"व्हईल, पण अर्धी ओळ बाहेर जाईल."

"मग नको, भाऊ. अक्कालाच वाचता येणार नाही."

लग्नसराई होती, दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं. दुसऱ्या कुणी मला हात जोडले असते. भाऊंनी खुर्ची पुढं ओढली. "तुमी वाचून दाखवा. कुठं थांबता ते ऐकतो."

पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेल्या नवरीच्या वडिलांसमोर मी लाजत लाजत वाचलं. तेही प्रूफ बाजूला ठेवून ऐकत राहिले. भाऊ म्हणाले, "थांबायचंच हाय ना? मंग पुढचे शब्द खालच्या ओळीत घेऊ, जरासे आत सरकवून. अक्षर वाढलं तरी मोडायचं न्हाई."

वहीतल्या माझ्या ओळी अशा नव्हत्या. मन जरा खट्टू झालं. पण मोबाइलवर अक्षर लहान केलं, मोठं केलं, थांबा जागच्या जागी राहिला. मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी डोंगरकड्याला गेले. अक्का ओसरीवर बसून मोठ्यानं वाचू लागली. शब्द आत सरकले की ती आपसूक थांबायची. मी काहीच सांगितलं नव्हतं.

एका ठिकाणी मात्र ती अडली. "हितं काहून थांबायचं गं?"

"तू हाक मारून थांबलीस ना, अक्का."

"कोण थांबलं? लांडगा आला व्हता त्या दिशी. मी पळत व्हते, माय!"

दोघीही हसत सुटलो. मी तिथूनच भाऊंना फोन लावला, तो एक थांबा काढायला सांगितला.

"व्हय मॅडम, अक्का म्हणतील तसं," ते म्हणाले, आणि दुपारीच दुरुस्त केलेलं पुस्तक पाठवलं.

ते फार कुणी वाचलं नाही. पण अक्कानं आणि भाऊंनी माझ्या ओळी इतक्या मन लावून ऐकल्या, तपासल्या, याहून जास्त काही मला मागावंसं वाटलं नाही.