ठिपक्यांमधला श्वास

बाबांचा आवाज आमच्याकडे आता फक्त पाच सेकंदांचा उरलाय. आईच्या जुन्या मोबाइलवरचा निरोप आहे तो: "मी पोचलो गं. तू जेवलीस ना?" फार खरखरतो, म्हणून काल दुपारी आईला घेऊन माझ्या वर्गमित्राच्या, सतीशच्या स्टुडिओत गेले.

"अपसॅम्पलिंग करून बघू," सतीश म्हणाला. "काकू, डिजिटल आवाज म्हणजे नुसते ठिपके. मधले आणखी ठिपके कॉम्प्युटर गणिताने भरतो. पण मुळात नाही ते त्यातून येणार नाही हं."

त्याने आधी मूळ आवाज ऐकवला. 'ना?' नंतर नुसती खरखर. थोड्या वेळाने त्याने पुन्हा बटण दाबलं. "जेवलीस ना?" आणि त्यामागून एक श्वास मला स्वच्छ ऐकू आला, उत्तरासाठी थांबलेल्या माणसाचा.

आईने पदर सावरला. "हो, जेवले," ती स्पीकरकडे बघून म्हणाली.

सतीश ओशाळला. "सॉरी काकू, चुकून जुनीच फाइल लागली. नवी अजून व्हायचीय."

म्हणजे मघाशी ज्या फाइलमध्ये श्वास नव्हता, तिच्यातच तो आता आला होता. माणूस गेल्यावर मागे राहतात तेही ठिपकेच, एखादा चष्मा, कुठल्याशा कागदावरची सही. त्यांच्या मधलं आपण भरतो, असं मी आजवर समजत होते. की मधून कुणी आपणहून येतं?

नवी फाइल तयार झाली. आवाज तोच होता, तितकाच खरखरीत. श्वास मात्र नव्हता.

"ही नको," आई उठत म्हणाली. "हिच्यात ते थांबत नाहीत."