खंडेनवमीचा फोन आणि माझी संदूक

भूत, चकवा असलं काही मी कधी मानलं नाही. मानायचे ते फक्त टापटिपीला... आणि तिनंच माझा घात केला! एवढी मूर्ख पोरगी मी पुन्हा पाहिली नाही, आणि ती मीच होते.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. वाळूजला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात मी टाइपिस्ट. कन्नडकडच्या मेंढपाळाची पोर, पण नाक वर! कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा हट्टानं प्रोग्रॅमिंग शिकले. साहेब म्हणाले, "खंडेनवमीला मालकांसमोर तुमचा प्रोग्रॅम चालला, तर कॉम्प्युटर तुमचा. नाहीतर टाइपरायटर आहेच."

खंडेनवमीला जो तो आपलं मशीन धुऊनपुसून पूजेला तयार करतो. मीही केलं — पण आतून! आईच्या ट्रंकेची आठवण म्हणून SANDUK नावाचा फोल्डर काढला आणि मला पसारा वाटणाऱ्या सगळ्या फायली त्यात कोंबल्या. कोणाला सांगितलंही नाही.

झालं. प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर एकच पालुपद लावून बसला — फाइल सापडत नाही! त्या फायलींशिवाय प्रोग्रॅम तयारच होत नाही, हे मला कुठं ठाऊक? पूजा चारला, घड्याळात तीन. नामांतराच्या मोर्च्यानं रस्ते भरलेले (माझा नवराही त्यातच घोषणा देत होता), त्यामुळे साहेब वाटेत छावणी भागात अडकलेले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबच असणार! मी रडत ओरडले, "कंपायलरला फाइलच सापडत नाय हो!"

पलीकडं एक म्हातारी खदाखदा हसली.

"अगं चुकार शेळी! फायली तू हलवल्यास, आणि तो बिचारा जुन्याच पत्त्यावर दार वाजवतोय. ऑप्शन्समध्ये जा, डिरेक्टरीज उघड. इन्क्लूडच्या ओळीत लिही — सी, कोलन, उलटी तिरकी रेघ, संदूक. आता नाक पूस!"

फोन बंद. मी हादरले — चुकार शेळी मला फक्त माझे वडील, दादा, म्हणत. आणि संदूक? ती तर माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती!

पण सांगितलं तसं केलं... आणि चारच्या ठोक्याला प्रोग्रॅम धावला. लेथवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मालकांनी पहिला पेढा मला दिला.

पेढा घेऊन टेलिफोन ऑपरेटर निर्मलाताईंकडं पळाले. "मघाशी कोणाचा फोन जोडलात हो?"

"कोणता फोन? सकाळीच बोर्डाला हळदकुंकू वाहून तारा काढून ठेवल्यात. आज हत्यार चालवत नसतात, ठाऊक नाय व्हय तुला?"

पुढं त्याच कंपनीत कॉम्प्युटर विभागाची प्रमुख होऊन निवृत्त झाले. कैक चुका शोधल्या, पण त्या फोनचा उलगडा आजतागायत झाला नाही. उलट गुंता वाढला.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. दुपारी तीनला मोबाइल वाजला. पुण्यात कॉम्प्युटर शिकणारी माझी नात ओवी हल्ली त्याच वेळी फोन करते. खरखरीतून रडवेला आवाज — "कंपायलरला फाइलच सापडत नाय हो!" मला हसू आवरेना. म्हटलं, माझी गोष्ट ऐकलेली पोर नक्कल करतेय, चला, तिचीच गंमत करू! तेच जुनं उत्तर, त्याच ठसक्यात, चुकार शेळीसकट दिलं आणि फोन ठेवला.

लगेच पुन्हा वाजला. ओवी होती.

"आजी, अगं कधीपासून लावतेय, तुझा फोन बिझीच! एवढी हसत कोणाशी बोलत होतीस?"